डर्मल अँकर काढून घेताना कुठे जावं: ठाणे आणि नवी मुंबईतल्या सेवेचं परीक्षण

निकाल आधीच सांगतो. कॉलरबोनवर, छातीच्या मधोमध, पाठीत किंवा गालावर बसवलेला डर्मल अँकर (त्वचेखाली पट्टी आणि वर टिकली असा त्वचेत रोवलेला दागिना) काढायचा असेल, तर ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे स्वतःची मायनर ओटी, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांची खोली, आहे त्यांच्याकडे जा. त्वचेखाली हौसेने बसवलेला सिलिकॉनचा उठाव, बोटातलं चुंबक किंवा हातातली चिप असेल तर प्लास्टिक सर्जन गाठा. पिअर्सिंग स्टुडिओत फक्त वरची टिकली बदलायला किंवा सरफेस बार (त्वचेच्या वरच्या थरातून आडवी घातलेली, दोन्ही टोकं बाहेर असलेली दांडी) काढायला जा. ठाण्यात राम मारुती रोड आणि घोडबंदरच्या पट्ट्यात, तसंच वाशी, नेरूळ, सीवूड्स, खारघरला हे तिन्ही पर्याय मिळतात. त्यातला कोणता निवडायचा हे अँकर कशाने धरून ठेवलाय आणि काढल्यानंतर तीन महिने त्या जागेकडे कोण बघणार आहे, यावर ठरतं. काढणं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. व्रण पुसट राहतो की उठावदार, हे पुढच्या तीन महिन्यांत ठरतं, म्हणून आम्ही या सेवेला गुण देताना पाठपुराव्याला सगळ्यात जास्त वजन दिलंय.

अँकरची रचना माहीत असली की बाकीचं आपोआप कळतं. त्वचेखाली साधारण 6-7 मिलिमीटर लांबीची चपटी पट्टी असते, एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड. तिच्यावर एक छोटी दांडी उभी असते आणि दांडीवर आट्याने टिकली बसते. धातू चांगला असेल तर एएसटीएम एफ136 (शरीरात बसवायच्या धातूचं मानक) दर्जाचं टायटॅनियम. पट्टीला भोकं असतात आणि बसवल्यानंतर काही आठवड्यांत त्या भोकांतून आपल्याच शरीराचे तंतू आरपार वाढतात. अँकर जागेवर राहतो तो या तंतूंमुळे, आणि काढताना अडतोही त्यांच्यामुळेच. ‘स्किन डायव्हर’ नावाच्या टोकदार प्रकारात भोकं नसतात, त्यामुळे तो तुलनेने सहज निघतो. आपल्याकडे कोणता बसवलाय हे बसवणाऱ्याकडून विचारून घ्या आणि डॉक्टरांना सांगा, त्यांचा निम्मा अंदाज तिथेच होतो.

कधी काढायचा? टिकली एका बाजूला कलली, भोवतालची त्वचा पातळ आणि चकचकीत दिसू लागली, खालची पट्टी त्वचेतून जाणवायला किंवा दिसायला लागली, की शरीर त्याला बाहेर ढकलतंय असं समजा. इथे वाट बघणं नुकसानीचं आहे. अँकर आपणहून वर आला तर जाता जाता त्वचा रुंद फाडतो आणि बारीक रेघेऐवजी खोलगट चट्टा राहतो. दुसरं कारण एमआरआय. टायटॅनियम चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण वरची टिकली कोणत्या धातूची आहे याची खात्री बहुतेकांना नसते, आणि स्कॅन सेंटरवाले दागिना अंगावर ठेवून आत सोडायला सहसा तयार नसतात. तारीख मिळाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच टिकली काढून खालच्या पट्टीबद्दल सेंटरशी बोलून ठेवा.

आता एकेका ठिकाणाबद्दल.

पिअर्सिंग स्टुडिओ. कामाचे हात असलेले लोक इथे नक्की भेटतात. अडकलेली टिकली दांडी चिमट्यात धरून सोडवणं, सरफेस बारचा एक गोळा काढून बार सरळ सरकवून घेणं, ही कामं ते डॉक्टरांपेक्षा सफाईने करतात, कारण रोजची आहेत. पण अँकरची पट्टी सोडवायला ब्लेड लागतं, भुलीचं इंजेक्शन लागतं, आणि ही दोन्ही कामं नोंदणीकृत डॉक्टरांची आहेत. स्टुडिओत मग सुन्न करणारं क्रीम लावलं जातं, म्हणजे लिग्नोकेन आणि प्रायलोकेन प्रत्येकी 2.5 टक्के, आपल्याकडे ‘प्रायलॉक्स’ नावाने मिळतं ते. जाड थर देऊन वरून प्लास्टिकची फिल्म लावली आणि तासभर थांबलं तर त्वचेचा वरचा भाग बधिर होतो. पट्टी त्याहून खोल असते. त्यामुळे माणूस कळवळतो, काढणारा घाई करतो, आणि घाईत पट्टी सरळ वर ओढली जाते. नेमकं हेच करायचं नसतं. आडवी पट्टी उभ्या भोकातून ओढली की भोक फाटतं. अँकरसाठी स्टुडिओ आम्ही सुचवत नाही.

मायनर ओटी असलेलं स्किन क्लिनिक. आमची पहिली पसंती हीच. काम नीट होत असेल तर ते असं दिसतं. आधी जागा पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीनने पुसली जाते आणि ते वाळू दिलं जातं. ओलं असताना सुई टोचली तर जंतुनाशकाला काम करायला वेळच मिळत नाही. मग इन्शुलिनच्या बारीक सुईने अर्धा ते एक मिलिलिटर लिग्नोकेन, बहुतेक वेळा अ‍ॅड्रेनालिनसह, पट्टीच्या भोवती आणि खाली सोडलं जातं. सुई टोचताना लागत नाही तेवढी औषध आत जाताना आग होते. थोडं सोडियम बायकार्बोनेट मिसळलं तर ती कमी होते, तुम्ही मागू शकता. त्वचा पांढुरकी पडेपर्यंत, म्हणजे सात ते दहा मिनिटं थांबायचं, त्याने रक्त कमी येतं. पू झाला असेल तर भूल नीट लागत नाही, कारण सुजलेल्या जागेतली आम्लता औषधाचा जोर कमी करते. अशा वेळी अनुभवी डॉक्टर आधी काही दिवस औषध देऊन मग हात घालतात, किंवा लांबून वेढा घालून भूल देतात.

टिकली उघडल्यावर खाली घाम आणि तेलाचा पिवळसर थर साचलेला दिसतो, तो पुसला जातो. मग 11 किंवा 15 नंबरच्या ब्लेडने दांडीपासून पट्टीच्या लांब टोकाकडे दोन-तीन मिलिमीटरची चीर. चिरेतून बारीक वाकडा मॉस्किटो चिमटा पट्टीखाली सरकवून उघडझाप करत तंतू सोडवले जातात. भोकातला शेवटचा तंतू सुटताना चिमट्याला बारीकसा झटका जाणवतो, तुम्हाला फक्त दाब कळतो. मग एक टोक मोकळं करून पट्टी तिच्या लांबीच्या दिशेने, आडवी सरकवत बाहेर. गॉजवर ठेवून ती तुम्हाला दाखवायला सांगा: लांब टोक, आखूड टोक, सगळी भोकं, दांडी. आम्ही या गोष्टीला फार महत्त्व देतो. तुकडा आत राहिला तर महिनोन्‌महिने तिथून पाणी सुटत राहतं, गाठ होते, आणि मग एक्स-रे किंवा सोनोग्राफीत तो शोधत बसावं लागतं.

इथेच चांगल्या आणि सुमार क्लिनिकमधला फरक कळतो. दांडीभोवती त्वचा आतपर्यंत वळून एक छोटी नळी झालेली असते. नुसती पट्टी काढून वर टाका घातला तर ती नळी आत गाडली जाते आणि काही महिन्यांनी तिथे मटकीएवढी गाठ तयार होते, आत पांढरट घट्ट माल भरलेली. म्हणून नळीची कड बारीकशी छाटून मगच टाका घालायचा. आधी विचारा, ‘दांडीभोवतीची त्वचा काढणार का?’ या प्रश्नाचं उत्तर जे डॉक्टर लगेच आणि नीट देतात त्यांच्याकडे निश्चिंत बसा. टाका चेहऱ्यावर 6-0 जाडीच्या बारीक नायलॉन धाग्याचा, छाती-पाठीवर 4-0 किंवा 5-0 चा, बहुधा एकच पुरतो. पू असेल तर टाका घालत नाहीत, जखम उघडी ठेवून आतून भरू देतात. आतली घाण बंद करून वर शिवलं की दोन दिवसांत ठणका लागतो आणि तोच टाका कापावा लागतो.

क्लिनिकमध्ये शिरताना तीन गोष्टींकडे नजर टाका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का. चिमटे सीलबंद ऑटोक्लेव्ह पाऊचमधून (वाफेने निर्जंतुक केलेल्या पाकिटातून) तुमच्यासमोर निघतात का. पाऊचवरची रंग बदलणारी पट्टी उष्णता लागल्याचं सांगते, पूर्ण निर्जंतुकीकरणाची हमी ती एकटी देत नाही, पण पाऊचच नसेल तर पुढे बोलायलाच नको. आणि वापरलेली सुई-ब्लेड पांढऱ्या अर्धपारदर्शक, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, तर रक्ताचं गॉज पिवळ्या पिशवीत जातं का. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे बंधनकारक केलंय. जिथे सुई साध्या कचऱ्याच्या डब्यात पडते तिथे बाकीची शिस्तही तशीच असते.

या क्लिनिकांबद्दल आमची मोठी तक्रार बिलाची आहे. फोनवर सांगितलेल्या आकड्यात तपासणी, प्रक्रिया, ड्रेसिंग आणि टाके काढणं यातलं काय काय धरलंय हे कुणी आपणहून सांगत नाही. चारही गोष्टींचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. एकाहून जास्त अँकर असतील तर दर अँकरमागे आहे की बैठकीमागे, हेही. मेडिक्लेमवर विसंबू नका, सौंदर्यासाठीच्या प्रक्रिया पॉलिसीत वगळलेल्या असतात. जंतुसंसर्गामुळे प्रकृतीला तातडीचा धोका असल्याने काढावं लागतंय, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर विचारणा करून बघायला हरकत नाही.

खर्च परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि तिथे त्वचारोग विभाग आहे. रांग आणि केसपेपरसाठी सकाळ मोकळी ठेवायला हवी. छातीवर केलॉइड (मूळ जखमेबाहेर पसरणारा उठावदार व्रण) वाढायला लागलं असेल तर महाविद्यालयाची ओपीडी उलट जास्त उपयोगी, कारण तिथे अशा व्रणांचे रुग्ण सतत येत असतात.

प्लास्टिक सर्जन कधी? कपाळावर किंवा हातावर सिलिकॉनचा आकार बसवलेला असेल तर. शरीर त्याभोवती तंतूंची पिशवी तयार करतं. जुन्याच व्रणातून एक-दोन सेंटिमीटरची चीर घेतली की सिलिकॉन त्या पिशवीतून बहुतेकदा सहज घसरून येतं. मागे पोकळी राहते, तिच्यात पाणी साचतं, म्हणून दोन-तीन दिवस दाबपट्टी हवीच. दाबपट्टीशिवाय घरी पाठवत असतील तर विचारा. पाणी साचलं तर सुईने काढतात, घरी पिळायचं नाही. कपाळावर कडक इम्प्लांट अनेक वर्षं राहिलं असेल तर खालचं हाड दाबाने झिजलेलं असू शकतं, तेव्हा काढण्याआधी स्कॅन करून घेणं शहाणपणाचं. पातळ सिलिकॉन इंजेक्शनने भरलं असेल तर ते ऊतींमध्ये पसरतं आणि पूर्ण निघत नाही. ‘सगळं काढून देतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या.

अंगठा आणि तर्जनीच्या मधली एनएफसी चिप (मोबाइल जवळ नेला की वाचता येणारी) ही साधारण 2 × 12 मिलिमीटरची काचेची कुपी असते. छोट्या चिरेतून ती मागून ढकलत बाहेर काढतात. चिमट्यात घट्ट पकडली तर काच फुटायची भीती. बोटातल्या चुंबकाचा त्रास वेगळाच: त्यावरचा लेप फुटला की आतला धातू गंजतो, जागा काळवंडते, दुखते. शिवाय साधे स्टीलचे चिमटे त्याला चिकटतात, म्हणून चुंबकाला न चिकटणारी अवजारं आहेत का हे आधीच विचारलेलं बरं. चुंबक असताना एमआरआय अजिबात नाही.

यापुढचं काम तुमचं, आणि आपल्या हवेत ते सोपं नाही. पहिले 24 तास ड्रेसिंग ओलं होऊ देऊ नका. रक्त झिरपलं तर स्वच्छ गॉजने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघितलं की गुठळी निघते. दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा 0.9 टक्के सलाइनने पुसा. मेडिकलमध्ये 100 मिलिलिटरची बाटली मिळते, उघडल्यावर चोवीस तासांत संपवा किंवा टाकून द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नको, ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. हळद आणि कॉफी पावडरही नको. रक्त थांबवायला म्हणून भरलेली पावडर जखमेत बसते आणि ती धुवून काढणं हे एक वेगळंच दुखणं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर म्युपिरोसिन 2 टक्के मलम दिवसातून दोन-तीनदा, तांदळाच्या दाण्याएवढं, पाच-सात दिवस. त्यानंतर साधी पेट्रोलियम जेली पुरते. जखम उघडी ठेवून वाळवायची ही समजूत जुनी झाली. ओलसर राहिलेली जखम जवळपास दुप्पट वेगाने त्वचेने झाकली जाते हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच प्रयोगाने दाखवलं. खपली जितकी जाड, नव्या त्वचेचा रस्ता तितका लांब.

ड्रेसिंगचं साहित्य. पारदर्शक फिल्म, टेगाडर्मसारखी, एसीत बसून काम असेल तर उत्तम: आतली जागा दिसते, आंघोळीला चालते. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकलने प्रवास करणाऱ्याला आम्ही ती देणार नाही. घाम आत साचतो, भोवतालची त्वचा पांढरी, सुरकुतलेली होते आणि टाक्याची कड सैल पडते. त्यापेक्षा पॅराफिन गॉजचा छोटा तुकडा, वर कोरडं गॉज, वर मायक्रोपोर, रोज बदलून. मायक्रोपोरने पुरळ उठत असेल तर पट्ट्यांची दिशा रोज बदला आणि काढताना केसांच्या दिशेने, त्वचा दुसऱ्या हाताने धरून काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल, किंवा जखम चिघळलेली असून पाच वर्षं उलटली असतील, तर त्याच भेटीत घ्या.

घर्षण हा मोठा शत्रू. कॉलरबोनवर बॅगेचा पट्टा, छातीच्या मधोमध मंगळसूत्राची वाटी किंवा आयकार्डची दोरी. निदान तीन आठवडे पट्टा दुसऱ्या खांद्यावर, मंगळसूत्र आखूड किंवा काढून ठेवलेलं. जिममध्ये छाती-खांद्याचे व्यायाम नकोत. कारण साधं आहे: टाके निघाले तरी तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या 20 ते 30 टक्केच बळ असतं, आणि तीन महिन्यांनी ते सुमारे 80 टक्क्यांवर जाऊन थांबतं. त्याआधी ताण बसला तर रेघ रुंदावते. पोहायचा तलाव जखम पूर्ण मिटेपर्यंत बंद. टाके चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांत, छाती-पाठीवरचे दहा ते चौदा दिवसांत काढायचे. उशीर केला तर टाक्याच्या ठिपक्यांचे डाग कायम राहतात.

पहिले दोन-तीन दिवस कडेला बोटभर लाली आणि हलकी सूज चालते. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं, लाली पसरत गेली, पिवळा घट्ट पू किंवा ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता जा. म्हणून काढायची वेळ घेताना शनिवार संध्याकाळ टाळा, आठवड्याच्या सुरुवातीची सकाळ मागा. रक्त आलं तर त्याच दिवशी दाखवता येतं, आणि तिसरा-चौथा दिवस रविवारात पडत नाही.

टाके निघून खपली पडली, जागा पूर्ण मिटली, की व्रण बसवायचं सिलिकॉन (वरून लावायची शीट किंवा जेल) सुरू करायचं, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर. छाती-खांद्यावर सिलिकॉन शीट: व्रणापेक्षा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोठी कापा, पहिल्या दिवशी चार तास, मग वाढवत रोज किमान बारा तास, दोन ते तीन महिने. रोज सौम्य साबणाने धुऊन हवेवर वाळवा, चिकटपणा गेला की नवी घ्या. घामोळं आलं तर एक-दोन दिवस थांबून तास कमी करा, पूर्ण सोडू नका. चेहऱ्यावर जेल बरं: दिवसातून दोनदा अगदी पातळ थर, चार-पाच मिनिटांत वाळला पाहिजे. वाळत नसेल तर जास्त लावलंय, आणि मग ते कपड्यालाच लागतं. दोन्हींत शीटचा फायदा असा की ती व्रणाला घर्षणापासूनही वाचवते. व्हिटॅमिन ई तेलावर पैसे घालवू नका, व्रण सुधारत नाही आणि काहींना त्याची खाज सुटते. उघड्या जागेवर एसपीएफ 30 किंवा जास्त, नाहीतर आपल्या वर्णावर काळा डाग महिनोन्‌महिने टिकतो.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात व्रण लाल आणि उंच झाला तर घाबरू नका. मूळ जखमेच्या हद्दीत राहिला तर तो हायपरट्रॉफिक व्रण, बहुतेकदा हळूहळू बसतो. हद्द ओलांडून बाजूच्या चांगल्या त्वचेवर पसरू लागला, खाज आणि टोचणी वाढली, तर केलॉइड. छातीचा मधला भाग, खांदे आणि कानाची पाळी इथे तो जास्त येतो, आणि घरात कुणाला असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. त्यावर ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, 10 ते 40 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, दर चार ते सहा आठवड्यांनी देतात. जास्त झाली तर त्वचा पातळ आणि फिकी पडते, म्हणून अंतर पाळणारा डॉक्टर हवा. केलॉइड नुसतं कापून टाकायचा सल्ला देणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नका, कापलं की ते बहुतेकदा आधीपेक्षा मोठं परत येतं.

वेळ ठरवताना क्लिनिकला एवढं विचारा: सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला व्रण बघणार का, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का. हो म्हणणारं क्लिनिक थोडं महाग असलं तरी आमची शिफारस त्यालाच.